गव्हाळ वर्ण

माझ्या गालावर वांग आले आहे ही बातमी मालवणात मला सर्वांत शेवटी कळली. तशी मालवणातली कुठलीच बातमी संबंधित माणसाला आधी कळत नाही. ती आधी मासळीबाजारात कळते, तिथून भरडावर येते, भरडावरून न्हाव्याच्या दुकानात जाते आणि मग सवडीने ज्याची त्याच्या घरी पोचते. २०२२ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळी मी बांगड्यांचा भाव करीत उभा होतो. नेहमीची मासेवाली मावशी भावाचे बोलायचे सोडून माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली,

"मास्तरानू, गालार काय लागला ता?"

मी रुमालाने गाल पुसला.

"अजून आसा."

मी जरा जोराने पुसला. शेजारच्या दोघीजणी हातातली मासळी तशीच धरून बघू लागल्या. तिसऱ्यांदा पुसल्यावर गाल लाल झाला आणि त्या लालीत मूळचा काळा डाग आणखीच खुलून दिसू लागला. "ऱ्हवांदे, ऱ्हवांदे, कातडा जायत," असे म्हणून मावशीने मला थांबवले आणि बहुधा दया येऊन एक बांगडा जास्त घातला. मालवणात मासेवालीने न मागता बांगडा जास्त घातला, की माणसाने आपली प्रकृती तपासून घ्यावी.

घरी येऊन आरशापुढे उभा राहिलो. डाव्या गालावर, डोळ्याखालच्या हाडापाशी, तपकिरी रंगाचे एक बेट तयार झाले होते. कडा वेड्यावाकड्या, आमच्या समोरच्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटासारख्या. महाराजांना तो किल्ला बांधायला १६६४ ते १६६७ अशी तीन वर्षे लागली. माझे बांधकाम तीन महिन्यांत आणि तेही विनातक्रार पार पडले होते.

"माझ्या गालावर काय आलंय, बघितलंस?" मी हिला विचारले.

"माका दोन म्हयने दिसता," ही भाकरी थापता थापता म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"माका वाटला, हेडमास्तर होवच्या काळजीन इला."

मी गणिताचा मास्तर. तीस वर्षे फळ्यापुढे उभा राहिलेलो. हेडमास्तर होण्याची काळजी मला नव्हती, कारण माझ्या पुढे यादीत तिघेजण होते आणि तिघांचीही प्रकृती ठणठणीत होती. पण हिच्या म्हणण्यातले शास्त्र मला पुढे एका वैद्यांकडे कळले. ते असे, की सुश्रुताने ह्या प्रकाराला व्यंग म्हटले असून त्याची गणना क्षुद्ररोगांत केली आहे. आणि त्याचे कारण सांगितले आहे क्रोध आणि आयास. म्हणजे राग आणि दगदग. ह्या दोहोंनी वायू खवळतो, पित्ताला जाऊन मिळतो आणि तोंडावर उमटतो. आठवी 'ब'ला अपूर्णांक शिकवणाऱ्या माणसाला सुश्रुताने न बघता ओळखले हे पाहून त्यांच्याविषयी माझा आदर दुणावला. रोगाला 'क्षुद्र' म्हटले तेवढे मात्र मला आवडले नाही. स्वतःच्या गालावर आला असता तर सुश्रुताने दुसरा शब्द योजला असता.

एप्रिलपर्यंत उजव्या गालानेही डाव्याचे अनुकरण केले. वांग हा अतिशय न्यायी रोग आहे. डाव्या गालाला जेवढे दिले तेवढेच तो उजव्याला देतो. कोकणात एवढी सरळ वाटणी मी दुसरी पाहिली नाही. आमच्या घराण्यात तीन पिढ्या एका फणसाच्या झाडाचा सात-बारा ठरत नाही, आणि इथे कोर्टात न जाता दोन्ही गालांचा हिस्सा इंच-इंच मोजून मिळाला.

आता, मालवणात माणसाला काही झाले की त्याला औषध शोधावे लागत नाही, औषधच त्याला शोधत येते. पहिला मुद्दा निघाला तो, हे वांगच कशावरून? एप्रिल महिना, आंब्याचे दिवस. चीक उडाला असेल. हा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. आमच्याकडची झाडे माणसाची कातडी तपासून बघतात. आंब्याचा देठ तोडताना चीक उडाला की गालावर फोड येतो, तो बरा झाला तरी काळी खूण कित्येक महिने राहते. काजूच्या टरफलातल्या तेलाने तर हात सोलून निघतात. काजू फोडणाऱ्या बायका हाताला राख नाहीतर तेल लावूनच बसतात. आणि बिब्बा उतला तर विचारायलाच नको. आंबा, काजू आणि बिब्बा ही तिन्ही झाडे वनस्पतिशास्त्राने एकाच कुळात घातली आहेत. कोकणातल्या इतर कुळांप्रमाणे हे कूळही अंगाला लागले तर डाग ठेवूनच जाते. पण चिकाचा डाग एका बाजूला पडतो. दोन्ही गालांवर बेतून बेतून उडायला चीक काही भूमितीचा विद्यार्थी नव्हे. तेव्हा वांगच, असा निकाल झाला.

मग आला लिंबाचा उपाय. हा माझ्या एका भाच्याचा. लिंबू आणि मध कालवून लावावे, अर्धा तास ठेवावे. मी मे महिन्यातल्या एका सकाळी लावले, आणि अर्धा तास घरात बसून काय करायचे म्हणून दांडीच्या किनाऱ्यावर रापण बघायला गेलो.

मराठी भाषेने मालवणची आधीच सोय करून ठेवली आहे. किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला रापण म्हणतात आणि उन्हाने चेहरा काळवंडला की तो रापला म्हणतात. दोन शब्दांचे मुळात नाते आहे की नाही हे पंडितांनी ठरवावे; दांडीवर ते रोज उघड्या डोळ्यांनी दिसते. होडीतून जाळे अर्धवर्तुळात समुद्रात सोडतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, आणि दोन्हीकडे माणसे लागून ती पाण्याची त्रिज्या हळूहळू कमी करत आणतात. मी गणिताच्या नजरेने हे बघत उभा असताना कोणीतरी हाक मारली, "मास्तरानू, बघतास काय? हात लावा!" मी हात लावला. अर्ध्या तासाचे दोन तास झाले. वाट्याला मूठभर पेडवे आले आणि संध्याकाळी तोंडाची आग आग सुरू झाली. चार दिवसांनी आग थांबली तेव्हा मूळच्या दोन बेटांच्या खाली, लिंबाचा रस जिथून जिथून ओघळला होता तिथून तिथून, गळ्यापर्यंत काळ्या रेघा उमटल्या होत्या. किल्ल्याला आता तटाबाहेर पाणीही मिळाले होते.

पुढे एका डॉक्टरीणबाईंनी मला सांगितले, की लिंबाचा रस कातडीवर ठेवून कडक उन्हात जाणे हा काळे पडण्याचा खात्रीचा मार्ग आहे. परदेशात समुद्रकाठी बसून पेयात लिंबे पिळणाऱ्यांच्या हातांवर अशाच खुणा पडतात. फरक एवढाच की त्यांना निदान पेय तरी मिळते.

पावसाळ्यात जायफळ आले. हे शेजारच्या वहिनींचे औषध. जायफळ आमच्याच परसात असायला हवे होते. मी हौसेने एक रोप लावले होते, आठ वर्षे वाढवले आणि आठव्या वर्षी फुले आल्यावर कळले की झाड नर आहे. जायफळात नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात आणि ते रोपट्यावरून समजत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा' म्हणून एक जात काढली आहे, तिच्यात दोन्ही फुले एकाच झाडावर येतात. पण हे मला वहिनींनी आठ वर्षांनी सांगितले. त्यांची झाडे अर्थात फळांनी लवलेली. तेव्हा जायफळे त्यांच्याकडून आणि सहाण आमची, अशी भागीदारी ठरली. रोज रात्री दुधात जायफळ उगाळून गालांना लेप. घरभर श्रीखंडाचा वास पसरे आणि आत श्रीखंड नाही म्हणून रोज नव्याने निराशा होई. पण ऑगस्टपर्यंत वांग खरोखर फिके पडले. वहिनींनी सगळ्या वाडीत सांगितले. ऑक्टोबरात आभाळ उघडले, ऊन तापले आणि वांग पुन्हा पूर्ववत गडद झाले. औषध जायफळ नव्हते, पाऊस होता. पण पाऊस काही वाडीत सांगत फिरत नाही.

इथे माझ्या लेकीची ओळख करून द्यायला हवी, कारण गोष्ट खरे तर तिची आहे. मी उगीच मध्ये तोंड घातले आहे. ती कुडाळला एका हिशेबनिसाच्या कचेरीत काम करते. रोज स्कूटरवरून जाते, डोळे तेवढे उघडे ठेवून बाकी सगळे तोंड ओढणीने गुंडाळते, हातात कोपरापर्यंत मोजे घालते. "चंबळच्या खोऱ्यात नोकरी लागली काय गो?" असे मी तिला विचारायचो. ती हसायची. मला वाटायचे, हल्लीची फॅशन.

लेक बोलण्यात माझ्यापेक्षा हुशार. त्याचा एक किस्सा मी वर्षानुवर्षे ऐकवत आलो आहे. २०२० सालच्या सुरुवातीला आम्ही तिचे नाव एका वधू-वर सूचक मंडळात नोंदवले. फॉर्म मी भरत होतो. उंची, शिक्षण, देवक, सगळे झाले आणि 'वर्ण' असा रकाना आला. मी 'सावळा' असे लिहिले. समोर बसलेले गृहस्थ चष्म्यावरून बघत अगदी समजुतीने म्हणाले, "मास्तर, गव्हाळ लिहा. सगळे तेच लिहितात." मी 'सावळा' खोडले आणि वर 'गव्हाळ' लिहिले. घरी आल्यावर लेकीने फॉर्मची प्रत बघितली आणि म्हणाली, "बाबा, गव्हाळ? आपल्याकडे गहू कुठे पिकतो?"

मी पोट धरधरून हसलो. खरेच की! आख्ख्या मालवण तालुक्यात शोधून गव्हाचे ओंब दिसायचे नाही आणि जिच्या-तिच्या लेकीचा वर्ण गव्हाळ. दुसऱ्या दिवशी मी हे शाळेच्या स्टाफरूममध्ये सांगितले. मग लग्नांत सांगितले, बारशांत सांगितले. एकदा शोकसभेनंतरच्या चहालाही सांगितले. दर वेळी लोक हसले. लेक तिथे असली तर तीही हसायची.

असो. तर ऑक्टोबरात वांग परत आले आणि मी वैतागलो. अशात न्हाणीघरातल्या फळीवर, पावडरच्या डब्यामागे, मला एक छोटी ट्यूब दिसली. लेकीची. वर बारीक अक्षरांत तीन औषधांची नावे. मी मनात म्हटले, हिचे तोंड बघा कसे नितळ आहे. एवढीशी लावली तर कोणाला कळणार आहे? रात्री वाटाण्याएवढी लावली. आठवड्यात फरक दिसला. तिसऱ्या आठवड्याला बेटे बुडाली, रेघा पुसल्या आणि गाल असे तकतकीत झाले की मी रोज दाढी करू लागलो. मासेवाली मावशी म्हणाली, "मास्तरानू, मुंबैक जावन इलास काय?" मी नुसता हसलो. बांगडे मात्र त्या दिवशी मोजून मिळाले.

ट्यूब संपायला आली तशी चोरी उघडकीला येऊ नये म्हणून मी दुकानातून तसलीच नवी आणून जुनीच्या जागी ठेवली. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही, काही विचारले नाही. शेंगदाण्याची पुडी द्यावी तशी दिली. आता मला आठवते की मी ट्यूब पुढे केल्याबरोबर तो म्हणाला होता, "हां, ही तुमच्याकडे जाते नेहमी."

डिसेंबरात रत्नागिरीला मावसभावाच्या मुलाचे लग्न होते. मी पाच दिवस आधी गेलो. ट्यूब अर्थात घरी राहिली. ती काही माझी नव्हती. तिसऱ्या दिवशी गाल चुरचुरू लागले. चौथ्या दिवशी लाल झाले, बारीक पुळ्या आल्या. मांडवाच्या दारात उभा राहिलो तर ऊन तव्यासारखे लागू लागले. पाचव्या दिवशी बाकीच्या मंडळींबरोबर ही आणि लेक आली, तेव्हा वऱ्हाडात मी नवरदेवापेक्षा जास्त हळद लागल्यासारखा तांबडा-पिवळा दिसत होतो. आणि त्या तांबड्या रंगाखालून जुने वांग, माहेरपणाला आल्यासारखे, दुप्पट तयारीने परतले होते.

लेकीने माझ्याकडे बघितले. मला कोपऱ्यात नेले. "बाबा, तुम्ही माझी ट्यूब लावत होता?"

मी शाळकरी पोरासारखा खाली बघितले. मला वाटले, चिडेल. पण ती चिडली नाही. तिच्या डोळ्यांत मला दिसली ती भीती. ती हळू आवाजात म्हणाली, "मग लावणं थांबवू नका. थांबवलं की असंच होतं. मी तीन वर्षं थांबवू शकलेले नाही."

बाजूला सनई वाजत होती. मला काही केल्या त्या वाक्याचा हिशेब लागेना. तीन वर्षे. ओढणी, मोजे, चुलीपाशी बसायचा कंटाळा, समुद्रावर यायला नकार. हे सगळे मी बघत होतो आणि वर विनोद करत होतो.

जानेवारीत आम्ही दोघे पहाटेच्या गाडीने बांबोळीला गेलो. गोव्यातले हे मेडिकल कॉलेज म्हणजे आमच्या जिल्ह्याचे नेहमीचे जाणे. 'बांबोळीक नेला' एवढे दोन शब्द सांगितले की आमच्याकडे पुढचे कोणी विचारत नाही. तिथल्या कातडीच्या विभागातल्या डॉक्टरीणबाई माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा वयाच्या. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितले, एकदा लेकीकडे, पुन्हा माझ्याकडे. "दोघं एकच ट्यूब?" त्यांनी विचारले. मी मान हलवली. त्या हसल्या. मग त्यांनी लेकीचे गाल भिंगातून बघितले आणि हसायच्या थांबल्या.

ट्यूबमधली ती तीन नावे त्यांनी आम्हाला समजावून सांगितली. एक रंग कमी करणारे, दुसरे कातडीचा वरचा पापुद्रा उतरवणारे, तिसरे स्टेरॉइड. १९७५ साली अमेरिकेत क्लिगमन नावाच्या डॉक्टरने असे तीन मिळून औषध बेतले. ते वाईट नाही. पण थोडे आठवडे, डॉक्टरच्या नजरेखाली. वर्षानुवर्षे लावले तर त्यातले स्टेरॉइड कातडी पातळ करते, आतल्या शिरा दिसू लागतात, ऊन सोसत नाही, आणि सोडायला जावे तर तोंड असे पेटते की माणूस पुन्हा ट्यूबकडे धावतो. दारूसारखेच, फक्त हे तोंडाला बाहेरून लागते. २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइडांची मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम कागदावर आहे आणि ट्यूब गल्ल्यावर.

"पण मॅडम, मुळात हा काळा रंग येतो कुठून?" मी विचारले. मास्तरला कारण कळल्याशिवाय चैन पडत नाही.

त्या म्हणाल्या, रंग तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या माणसात आणि काळ्या माणसात जवळपास सारख्याच असतात. फरक पेशींच्या संख्येत नसतो, त्या किती रंग तयार करतात ह्यात असतो. हे मला चटकन पटले. सगळ्या शाळांत पटावर शिक्षक तेवढेच असतात. वांग म्हणजे त्यांतल्या काही पेशी उन्हाने चेतून जादा तास घेऊ लागतात. बायकांत हे जास्त, बाळंतपणात किंवा संततिनियमनाच्या गोळ्यांनी पुष्कळदा येते, घराण्यातही असते. पण पुरुषांना वर्ज्य नाही.

उपाय? ऊन टाळणे, हा पहिला, दुसरा आणि तिसरा. ऊन ढगांतून येते, खिडकीच्या काचेतूनही येते. साधा उजेडसुद्धा वांगाला पुरतो, म्हणून ज्यात लोहाचे ऑक्साइड घातलेले असते असे मातकट रंगाचे मलम त्यांनी लिहून दिले. दोन बोटांच्या लांबीएवढे, आणि दर दोन-तीन तासांनी पुन्हा. रक्तस्राव थांबवायला द्यायची एक गोळी वांगावरही चालते हे १९७९ साली जपानात एका डॉक्टरच्या लक्षात आले, पण ती सगळ्यांना मानवत नाही, म्हणून आम्हाला नको. लेकीची ट्यूब एकदम न तोडता बेताबेताने सोडवायची. "सहा महिने तरी लागतील," त्या तिला म्हणाल्या. "त्रास होईल. पण कातडी परत येते. काकांचं वांग मात्र फिकं होईल, पूर्ण जाईलच असं नाही. उन्हाळ्यात पाहुणं येणार."

"येऊ दे," मी म्हटले. "पाहुण्यांची सवय आहे."

मग त्यांनी लेकीला विचारले, "तुला तर वांग नव्हतंच. मग सुरू का केलीस?"

लेक गप्प राहिली. त्यांनीही पुन्हा विचारले नाही. कातडीच्या डॉक्टरला कातडीखालचे दिसत असावे.

परतीच्या एस.टी.त लेक खिडकीकडे पाठ करून बसली होती, उन्हामुळे. पत्रादेवी गेली, बांदा आला. गाडी थांबली, चणेवाला चढून उतरला. तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तो फॉर्म आठवतो?"

मी हसायच्या तयारीत होतो. सवय. "आपल्याकडे गहू कुठे पिकतो, तोच ना?"

"तोच. तुम्ही 'सावळा' लिहून ते खोडलं होतंत. मला तोपर्यंत माझा रंग हा नुसता रंग वाटत होता. तुम्ही खोडलंत, तेव्हा कळलं की ते खोडण्यासारखं आहे."

गाडी सुटली. मी तीस वर्षे पोरांच्या वह्या तपासल्या. खाडाखोड दिसली की अर्धा मार्क कापायचा, हा माझा नियम गावभर प्रसिद्ध आहे. 'उत्तर बरोबर असेल तर खोडू नका रे, ठाम राहा,' हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटले आहे की पोरे माझी नक्कल करताना तेच म्हणतात. आणि आयुष्यात एकदा बरोबर उत्तर लिहून, समोरच्याने नुसते चष्म्यावरून बघितल्याबरोबर मी ते खोडले होते. वर त्याचा विनोद करून गावजेवणे गाजवली होती. ती हसत होती, कारण सगळे हसत होते.

१९७५ साली निघालेल्या 'फेअर अँड लव्हली'ने २०२० साली आपल्या नावातले 'फेअर' काढून 'ग्लो' घातले. त्याच वर्षी मीही 'सावळा' काढून 'गव्हाळ' घातले. त्यांचे निदान दुकान होते. मी फुकट केले. आपण आषाढीला विठ्ठलाला सावळा म्हणून डोळे पुसतो. त्याला चालते, कारण त्याचा फॉर्म आपल्याला भरायचा नसतो.

मी तिला काय सांगणार होतो? मास्तर असूनही सांगण्यासारखे काही सुचले नाही. "चुकलंच माझं," एवढे म्हटले. ती म्हणाली, "हं." मग बऱ्याच वेळाने, झाराप जवळ आले तेव्हा, "तुमची पण ट्यूब चोरायची पद्धत फारच वाईट आहे, बाबा. नवीन आणून ठेवलीत ती ट्यूब दुप्पट मोठी होती." आम्ही दोघेही हसलो. त्या हसण्याचा किस्सा मी आजवर कोणाला सांगितला नव्हता.

पुढचे सहा महिने सोपे गेले नाहीत. मार्चमध्ये तिचे तोंड इतके जळत होते की ती दोन रात्री ओली पट्टी ठेवून बसून होती; आणि मी बाजूला बसून, काही करता येत नाही म्हणून, आठवी 'ब'चे पेपर तपासत होतो. त्या गठ्ठ्यात कोणाचाही अर्धा मार्क कापला गेला नाही. एकदा तिने ट्यूब पुन्हा आणायला पर्स उचललीही होती. हिने दारात उभे राहून एवढेच विचारले, "कित्याक गो बाय?" आणि बाय परत फिरली. जुलैपर्यंत लाली उतरली. सप्टेंबरात ती ओढणी न गुंडाळता, नुसते ते मातकट मलम लावून कुडाळला गेली. मी दारात उभा राहून बघत होतो. सावळा चेहरा, अगदी तिच्या आजीसारखा. आमच्या उकड्या तांदळाच्या पेजेला असतो ना, तसा रंग. हा तांदूळ मात्र आमच्याकडेच पिकतो.

फॉर्म मी नवा भरला. जुना मागून घेतला आणि 'वर्ण' ह्या रकान्यात, खाडाखोड न करता, 'सावळा' लिहिले. गृहस्थांनी पुन्हा चष्म्यावरून बघितले. मीही माझ्या चष्म्यावरून बघितले. शेवटी मी मास्तर, ह्या बघण्यात माझा हात कोण धरणार? त्यांनी फॉर्म मुकाट्याने फायलीला लावला. लेकीला कळल्यावर ती म्हणाली, "रकाना रिकामा सोडला असतात तरी चाललं असतं, बाबा. तो विचारायचाच कशाला?" हे मला सुचले नव्हते. हुशारीत ती माझ्या पुढेच आहे.

माझे म्हणाल तर वांग आहे. पावसाळ्यात फिके पडते, एप्रिलमध्ये भेटायला येते. मी दोन बोटे मलम लावतो आणि रुंद काठाची टोपी घालून बाजारात जातो. पहिल्या दिवशी टोपी बघून सगळा मासळीबाजार थांबला होता. मावशीने वाकून टोपीखाली बघितले.

"मास्तरानू, ता गालार अजून आसाच."

"वांग आहे ते, मावशी. असायचंच."

"ऱ्हवांदे ता," ती पाटी पुढे सारत म्हणाली. "बांगडे नेतास मां?"